परवाना, पासपोर्ट आणि वतन

फाळणी म्हटली की पंजाबातल्या रेलगाड्या आठवतात. मराठवाड्याची कहाणी निराळी आहे. आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधी हिंगोली परभणी जिल्ह्यात होती आणि निजामाच्या काळात हैदराबाद संस्थानात. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर संस्थानातली काही मुस्लिम कुटुंबे भीतीपोटी, काही रोजी गेल्यामुळे कराचीला गेली. तिथे ‘हैदराबाद कॉलनी’ आजही आहे.

पण जाणाऱ्या प्रत्येकाने वतन सोडले होते काय? कोणी वातावरण निवळेपर्यंत गेला, कोणी नातलगांकडे. परतीची वाट मात्र त्याआधीच अरुंद झाली होती. जुलै १९४८ मध्ये भारत सरकारने परवाना पद्धत आणली. राज्यघटनेच्या सातव्या कलमानुसार १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेला माणूस कायम परतीच्या परवान्यावर आला तरच नागरिकत्वाचा दावा करू शके. तात्पुरता परवाना त्यासाठी पुरत नसे. मागे राहिलेले घर, शेत कस्टोडियनकडे जाण्याची भीती वेगळीच.

ऑक्टोबर १९५२ पासून पासपोर्ट आला. भारतीय कागद नसलेले कित्येकजण पाकिस्तानी पासपोर्टवर आपल्याच घरी आले. १९५६ च्या नियमांनी तोच पासपोर्ट परके नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा ठरवला. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो नियम कायम ठेवला.

तरी न्यायाचे दार पुरते बंद झाले नाही. परवान्याविना आला म्हणून भारतीय नागरिकालाच देशाबाहेर काढता येणार नाही, असे न्यायालयाने १९५४ मध्येच म्हटले होते. पासपोर्ट दडपणाखाली घ्यावा लागला, असे सांगणाऱ्याचे म्हणणे ऐकलेच पाहिजे, असे १९६५ मध्ये बजावले.

सुधारणेची दिशा याच निकालांत आहे. सरहद्दीवर नियम हवेतच. पण निर्णयाला मुदत हवी, नकाराची कारणे लेखी हवीत, सुनावणी आणि वकील हवा. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयी नवा कायदा लागू झाला. ‘मी परका नाही’ हे सिद्ध करण्याचे ओझे त्यातही माणसावरच आहे. आपल्याकडचे निजामकालीन दप्तर बरेचसे उर्दूत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधताना उर्दू आणि मोडी वाचणारे शोधावे लागले. असे वाचक प्रत्येक जिल्ह्याला कायमचे मिळावेत. आपणही शाळेचा दाखला, जन्मनोंद, जमिनीचे कागद जपावेत. माणसाची नियत कागदापेक्षा मोठी असते, पण कचेरीत आधी कागदच विचारला जातो.