लोणारच्या विवराची कागदोपत्री कुळकथा

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल आहे. ते उल्कापातानं झालं हे आज शाळकरी मुलंही सांगतात. जुने कागद मात्र तसं सांगत नाहीत.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात हे तळं येतं. भोवती डोंगर, पाणी खारट, तीर्थाचं माहात्म्य आणि काच-साबणाला लागणारा खार. त्याला उत्पन्नाची काळजी होती, खड्डा कसा पडला याची नव्हे. तो प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या भूशास्त्रज्ञांनी विचारला. चहूकडे दख्खनचा काळा ज्वालामुखी पाषाण, बेसॉल्ट, म्हणजे हा स्फोटही ज्वालामुखीचाच, असा त्यांनी निष्कर्ष काढला. हाताशी असलेल्या पुराव्यावर तो गैर म्हणता येत नाही.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो १८९६ चा कागद. अमेरिकी भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट तेव्हा अ‍ॅरिझोनातल्या विवराचं मूळ शोधत होता. उल्केची शक्यता त्यानं तपासून बाजूला ठेवली, वाफेच्या स्फोटाच्या बाजूनं कौल दिला आणि जोडीला लोणारचा दाखला दिला. पुढे दोन्ही विवरं उल्केचीच ठरली. साम्य त्यानं अचूक हेरलं होतं, कारण तेवढं चुकलं.

१९६४ मध्ये लाफाँड आणि डिट्झ यांनी लोणारवर लेख लिहिला, तेव्हाही शीर्षकात ‘उल्काविवर’पुढे प्रश्नचिन्ह होतं. ते पुसलं १९७३ मध्ये ‘सायन्स’मधल्या फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांच्या लेखानं. तळ्याच्या गाळाखाली वेधनळी उतरवून काढलेल्या दगडांत त्यांना मॅस्केलिनाइट सापडलं. बेसॉल्टमधलं फेल्डस्पार हे खनिज प्रचंड दाबाच्या धक्क्यानं न वितळताच काच बनतं, तेच मॅस्केलिनाइट, पण स्फटिकाचा आकार जागेवरच राहतो. असा दाब कुठल्याही ज्वालामुखीत निर्माण होत नाही. अपोलो यानांनी चंद्रावरून आणलेल्या नमुन्यांशी लोणारचे काचेचे मणी जुळले, तेही याच लेखात आहे.

वयाचा वाद मात्र अजून आहे. १९९७ च्या उष्मादीप्ती मापनानं (दगड तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून वय काढण्याच्या पद्धतीनं) ते सुमारे ५२ हजार वर्षं दिलं, २०११ च्या आर्गॉन पद्धतीनं सुमारे ५ लाख ७० हजार. दगडातला उष्मादीप्तीचा संकेत काळाच्या ओघात झिरपून जाऊ शकतो आणि मग वय कमी दिसतं. म्हणून मी दुसरा आकडा अधिक विश्वासार्ह मानतो.