हेन्री, मिलीहेन्री, मायक्रोहेन्री : तीन शून्यांचा हिशेब

दहावीनंतर आयटीआय, डिप्लोमा किंवा बारावी सायन्सला गेलेली मुलं आमच्याकडे वही घेऊन येतात. सूत्र बरोबर, गुणाकार बरोबर, उत्तर मात्र हजार पटीने चुकलेलं. कारण बहुतेक वेळा एकच : एकक बदलायचं राहून गेलेलं. म्हणून आज कॉइलच्या इंडक्टन्सची एककं पाहू.

इंडक्टन्स म्हणजे काय?
कॉइलमधला करंट बदलू लागला की कॉइल त्या बदलाला विरोध करते. या गुणाचं माप म्हणजे इंडक्टन्स. करंट सेकंदाला एक अँपिअर या वेगाने बदलताना कॉइलमध्ये एक व्होल्ट तयार होत असेल, तर तिचा इंडक्टन्स एक हेन्री. हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री (१७९७–१८७८) यांच्यावरून पडलं. तेही आधी शिक्षकच होते.

पायऱ्या
१ हेन्री = १,००० मिलीहेन्री
१ मिलीहेन्री = १,००० मायक्रोहेन्री
१ मायक्रोहेन्री = १,००० नॅनोहेन्री

म्हणजे १ हेन्रीत १० लाख मायक्रोहेन्री. एक पायरी खाली उतरताना हजाराने गुणा, वर चढताना हजाराने भागा. रुपयांचे पैसे केले की आकडा वाढतो, रक्कम तीच राहते, इथेही तसंच.

उदाहरणं
०.२५ हेन्री = २५० मिलीहेन्री
४,७०० मायक्रोहेन्री = ४.७ मिलीहेन्री
३३० नॅनोहेन्री = ०.३३ मायक्रोहेन्री

मार्क कुठे जातात?
१० मिलीहेन्रीच्या कॉइलचा ५० हर्ट्झला रिअॅक्टन्स काढायचा आहे. सूत्र : २ × पाय × फ्रिक्वेन्सी × इंडक्टन्स. सूत्रात इंडक्टन्स हेन्रीतच घालायचा, म्हणजे ०.०१. उत्तर ३.१४ ओहम. थेट १० घातले तर ३,१४० ओहम येतं, आणि मेहनत वाया जाते.

अक्षरंही नीट लिहा. लहान 'एम' म्हणजे मिली, मोठा 'एम' म्हणजे मेगा. मायक्रोसाठी 'म्यू' हे ग्रीक अक्षर आहे. कीबोर्डवर ते सहज मिळत नाही म्हणून बरेच जण त्याजागी 'यू' टाइप करतात.

रिपेअरिंग शिकणाऱ्यांसाठी
छोट्या कॉइलवर सहसा तीन आकड्यांचा कोड असतो. पहिले दोन आकडे जसेच्या तसे घ्या, तिसरा आकडा पुढे किती शून्यं ते सांगतो, उत्तर मायक्रोहेन्रीत. १०१ म्हणजे १०० मायक्रोहेन्री, १०२ म्हणजे १,००० मायक्रोहेन्री, म्हणजेच १ मिलीहेन्री. '४आर७' म्हणजे ४.७ मायक्रोहेन्री. पण हाच १०२ कपॅसिटरवर असेल तर तो पिकोफॅरडमध्ये मोजतात. त्यामुळे पार्ट कोणता आहे ते आधी ओळखा.

पालकांनो, तुम्हाला सायन्स येत नसलं तरी चालेल. मूल गणित सोडवून उठलं की एवढंच विचारा : "बेटा, एकक बदललंस का? उत्तरापुढे लिहिलंस का?"