पस्तीस नंबरचं पत्रक

कायद्यांना नावं पडतात ती बहुधा माणसांवरून किंवा विषयांवरून. शारदा कायदा म्हटलं की बालविवाह आठवतो, रौलेट म्हटलं की जालियनवाला बाग. ब्रिटनमध्ये मात्र गेली पंचवीस वर्षं हजारो लोकांची झोप उडवणारा एक करकायदा चक्क प्रसिद्धिपत्रकाच्या अनुक्रमांकानं ओळखला जातो. ९ मार्च १९९९ रोजी अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी अर्थसंकल्प मांडला. त्या दिवशी तिथल्या इनलँड रेव्हेन्यूनं, म्हणजे प्राप्तिकर खात्यानं, जी पत्रकं वाटली त्यातलं हे पस्तिसावं. खात्याची आद्याक्षरं आणि पुढं आकडा: आयआर ३५. भाषणात ज्या गोष्टीचा गाजावाजा झाला नाही, ती या पत्रकात होती.

त्या काळात मी लंडनच्या वायव्येला, हॅरो भागात, एका लेखापालाच्या कचेरीत नोकरीला होतो. कॉन्ट्रॅक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं डांबराची पिंपं आणि नगरपालिकेची थकलेली बिलं येतात. आमच्याकडं येणारे कॉन्ट्रॅक्टर निराळे. बँकांच्या, विमा कंपन्यांच्या संगणकप्रणाली लिहिणारे, दुरुस्त करणारे. २००० सालच्या तारखेच्या घोळामुळं त्यांना तेव्हा फार मागणी होती. त्यात पुण्याची, ठाण्याची मंडळीही होती, आणि २००२ मध्ये उच्चकुशल स्थलांतरितांसाठी स्वतंत्र व्यवसायाची मोकळीक देणारा परवाना सुरू झाल्यावर ती वाढली. प्रत्येकाची एकेक कंपनी. संचालक स्वतः, नोकरही स्वतःच, आणि भागधारक स्वतः नि बहुधा बायको.

आता कोणी म्हणेल, एकट्या माणसाला कंपनी हवी कशाला? ही हौस नव्हती. १९७५ च्या वित्त कायद्यानं असं ठरवलं की, एजन्सीमार्फत कामाला लावलेल्या माणसाला करापुरता नोकर समजायचं आणि त्याच्या पैशातून कर आधीच कापून घ्यायचा. या तरतुदीच्या कचाट्यातून कंपन्या सुटल्या होत्या. साहजिकच एजन्सीवाले म्हणू लागले, कंपनी काढून या, मगच काम देतो. म्हणजे पंचवीस वर्षांनी सरकारला ज्या कंपन्या खुपू लागल्या, त्यांच्या जन्माला सरकारचाच जुना कायदा कारण झाला होता.

खुपण्याचं कारण पैशाचं. ब्रिटनमध्ये पगारावर प्राप्तिकराशिवाय नॅशनल इन्शुरन्सची वर्गणी असते. १९९९ मध्ये नोकराची १० टक्के (एका मर्यादेपर्यंत) आणि मालकाची १२.२ टक्के होती. लाभांशावर ही वर्गणी नाही. तेव्हा कंपनीतून स्वतःला थोडा पगार घ्यायचा आणि उरलेला नफा लाभांश म्हणून काढायचा, की वर्गणी वाचली. खात्यानं पत्रकात उदाहरण दिलं ते शुक्रवारी नोकरी सोडून सोमवारी त्याच खुर्चीवर ‘सल्लागार’ म्हणून येऊन बसणाऱ्याचं. असे लोक होतेच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण दर सहा महिन्यांनी नवं गिऱ्हाईक शोधणारा, मधले दोन महिने बिनकामाचे काढणारा माणूसही त्याच जाळ्यात आला.

मूळ पत्रकात खात्याचा बेत असा होता की, हा माणूस नोकर आहे की नाही हे काम देणाऱ्यानं ठरवावं. मोठ्या कंपन्यांनी ओरड केली. सप्टेंबर १९९९ मध्ये सरकारनं माघार घेतली आणि ते ओझं कॉन्ट्रॅक्टरच्याच कंपनीवर टाकलं. ६ एप्रिल २००० पासून कायदा लागू झाला. हा बदल लक्षात ठेवा, पुढं त्याचं काम आहे.

कायद्याचं सूत्र मोठं विलक्षण. मधली कंपनी नाहीच अशी कल्पना करायची. मग हा माणूस आणि काम देणारा यांच्यात जो करार झाला असता, तो नोकरीचा ठरला असता का? ठरला असता, तर खर्चापोटी पाच टक्के वगळून बाकीची मिळकत पगार समजायची. म्हणजे न झालेल्या कराराची कलमं वाचायची! आणि नोकर कोण, याची व्याख्या कायद्यात नव्हती. ती जुन्या निकालांत शोधायची. त्यातला सर्वांत प्रसिद्ध निकाल १९६८ च्या रेडी मिक्स्ड काँक्रीट खटल्याचा. तिथला ट्रकचालक कंपनीच्या रंगात रंगवलेला ट्रक चालवी, कंपनीचा गणवेश घाली. पण ट्रक त्यानं स्वतः हप्त्यानं घेतला होता, दुरुस्ती त्याच्या खर्चानं होई आणि तो बदली चालक ठेवू शकत होता. न्यायमूर्तींनी त्याला छोटा व्यावसायिक ठरवलं.

हाच प्रश्न आपल्याकडं नागपूरच्या विडी कारखान्यात उठला होता, आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याचा निकाल दिला, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. तिथं कामगार मर्जीनुसार येत-जात, पैसे विड्यांच्या संख्येवर मिळत. मालक म्हणे, हे माझे नोकर नव्हेत. न्यायालयानं पाहिलं की, काम कारखान्यात बसूनच करायचं आणि ठरल्याप्रमाणं न वळलेली विडी मालक नाकारतो. नियंत्रण म्हणायला तेवढं पुरे. कामगारांना रजेचा पगार मिळाला. तिथं नोकर ठरण्यानं माणसाच्या पदरात काही पडलं. आयआर ३५ मध्ये नोकर ठरलेल्याला कर लागतो. रजा नाही, आजारपणाचा पगार नाही, काढून टाकल्याची भरपाई नाही. या कायद्याच्या साऱ्या कडवटपणाचं मूळ मला इथं दिसतं.

आमच्या कचेरीत मग कराराची कागदपत्रं भिंगाखाली जाऊ लागली. बदली माणूस पाठवण्याचं कलम घाला. गिऱ्हाइकाच्या उपाहारगृहात कर्मचाऱ्यांची सवलत घेऊ नका. नाताळच्या मेजवानीला जाऊ नका. ठाण्याचा एक तरुण एकदा वैतागून मला म्हणाला, “काका, मी नोकर आहे की मालक, तेवढं एका शब्दात सांगा ना!” मी ‘बहुधा मालक’ असं म्हणालो. एका शब्दात उत्तर नव्हतंच, आणि खरं उत्तर चौकशी झालीच तर काही वर्षांनी, व्याजासकट यायचं.

कॉन्ट्रॅक्टर मंडळींनी १९९९ मध्येच इंटरनेटवरून जमून प्रोफेशनल कॉन्ट्रॅक्टर्स ग्रुप ही संघटना उभारली आणि कायद्यालाच आव्हान दिलं. युरोपीय कायद्याचे, मानवी हक्कांचे मुद्दे मांडले. एप्रिल २००१ मध्ये उच्च न्यायालयात हरले, डिसेंबरमध्ये अपिलातही. गंमत म्हणजे त्याच ब्राउनसाहेबांनी २००२ मध्ये छोट्या कंपन्यांच्या पहिल्या १० हजार पौंड नफ्यावरचा कर शून्य केला! लोकांनी धडाधड कंपन्या काढल्या. २००६ मध्ये ती सवलत गुंडाळावी लागली.

अनिश्चितता असली की तिथं दुकानं निघतात. ‘आयआर ३५ ची चिंता नको’ म्हणून योजना विकल्या गेल्या: तुमचे पैसे एका परदेशी विश्वस्त निधीत जातील, तिथून तुम्हाला कर्ज मिळेल, आणि ते कोणी परत मागणार नाही. कर्जावर कर कसला? पटकन पटणारी गोष्ट. २०१७ च्या कायद्यानं अशा सगळ्या थकीत कर्जांवर ५ एप्रिल २०१९ रोजी एकदम कर बसवला, तोही १९९९ पर्यंत मागं जाऊन. डिसेंबर २०१९ मध्ये फेरविचारानंतर ही मागची मर्यादा २०१० च्या डिसेंबरपर्यंत आणली.  या कराशी संबंधित दहा आत्महत्यांची प्रकरणं खात्यालाच स्वतंत्र चौकशी संस्थेकडं पाठवावी लागली. योजना विकणारे बहुतेक मोकळेच राहिले. मला याचा राग आहे आणि तो लपवण्याचं कारण दिसत नाही.

दूरदर्शनचे चेहरेही सुटले नाहीत. बीबीसीच्या निवेदिका ख्रिस्ता अ‍ॅक्रॉइड २०१८ मध्ये हरल्या; मागणी चार लाख पौंडांहून अधिक, आणि कंपनीमार्फत काम करायला त्यांना बीबीसीनंच प्रोत्साहन दिलं होतं. पुढच्याच वर्षी आयटीव्हीच्या लॉरेन केली जिंकल्या. त्या पडद्यावर आपल्याच व्यक्तिमत्त्वाचा प्रयोग करतात, त्या कोणाच्या नोकर नव्हेत, असं न्यायाधिकरणाला वाटलं.

२०१२ मध्ये स्टुडंट लोन्स कंपनी या सरकारी संस्थेच्या प्रमुखालाच खासगी कंपनीमार्फत पैसे दिले जात असल्याचं उघड झालं, आणि वारं फिरलं. एप्रिल २०१७ पासून सरकारी खात्यांत, आणि कोविडमुळं वर्षभर लांबून एप्रिल २०२१ पासून मोठ्या-मध्यम खासगी कंपन्यांत, निर्णय काम देणाऱ्यानं करायचा असं ठरलं. म्हणजे १९९९ च्या पत्रकातला मूळ बेतच! अनेक बँकांनी जोखीम नको म्हणून कंपनीवाल्यांना काम देणंच थांबवलं. खुद्द सरकारी खात्यांनाही हा प्रश्न सोडवता आला नाही. २०२०-२१ मध्ये चुकीच्या निर्णयांपोटी केंद्रीय खात्यांवर २६ कोटी ३० लाख पौंडांचं देणं निघालं, असं तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं दाखवलं. लॉर्ड्सच्या समितीनं २०२० मध्येच इशारा दिला होता की, यातून हक्कशून्य नोकर निर्माण होतील.

मग २३ सप्टेंबर २०२२. अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी २०१७ आणि २०२१ चे बदल रद्द करण्याची घोषणा केली. इंग्लंडमधले माझे जुने परिचित फोनवर पेढे मागू लागले. १७ ऑक्टोबरला नवे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी ती घोषणाच रद्द केली. चोवीस दिवसांचा आनंद.

एप्रिल २०२५ पासून ब्रिटनमध्ये ‘छोटी कंपनी’ कोणती, याच्या मर्यादा वाढल्या आहेत. उलाढालीची १ कोटी २ लाखांवरून दीड कोटी पौंडांवर गेली. छोट्या कंपन्यांना निर्णयाच्या ओझ्यातून सूट आहे. तेव्हा या कंपन्या टप्प्याटप्प्यानं त्या सवलतीत शिरतील, आणि त्यांच्याकडं काम करणाऱ्यांना आपण नोकर की मालक, हे पूर्वीसारखं पुन्हा स्वतःच ठरवावं लागेल.