व्यापाऱ्याचं संगीतप्रेम कसं अभ्यासायचं? जमशेद भाभांचं उदाहरण

सिनॉप्सिस लिहायला बसलेले बरेच जण ‘अमुक शेठजींचं कलाप्रेम’ किंवा ‘तमुक उद्योगपतींचं सांस्कृतिक योगदान’ असा विषय घेऊन येतात. विषय वाईट नाही. पण गाइडचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : प्रेम होतं, हे तू सिद्ध कशाने करणार? गौरवग्रंथातल्या आठवणींनी? तिथे तर प्रत्येकच माणूस रसिक असतो!

या प्रश्नाचं उत्तर शोधायला जमशेद भाभा (१९१४–२००७) हे चांगलं उदाहरण आहे. अणुशास्त्रज्ञ होमी भाभांचे हे धाकटे भाऊ. त्यांची आत्या मेहरबाई ही सर दोराबजी टाटांची पत्नी. घरात पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या तबकड्या वाजायच्या, दोघं भाऊ त्या ऐकतच वाढले. पुढे होमी विज्ञानाकडे गेले आणि जमशेद टाटा उद्योगसमूहात. तिथे त्यांनी आयुष्य काढलं, वरच्या पदांवर पोहोचले. इथपर्यंत गोष्ट साधी आहे. श्रीमंत घर, चांगला कान, मोठी नोकरी. अशी माणसं मुंबईत बरीच होती.

फरक पडला तो संस्थेमुळे. १९६०च्या दशकात जमशेद भाभांनी नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स, म्हणजे एनसीपीए, ही कल्पना टाटांच्या ट्रस्टपुढे मांडली. जेआरडी टाटांची साथ मिळाली. १९६९ मध्ये भुलाभाई देसाई रोडवरच्या ‘आकाशगंगा’ इमारतीत, भाड्याच्या जागेत, काम सुरू झालं. कायमच्या जागेची गोष्ट तर आणखी मजेची आहे. नरिमन पॉइंटच्या टोकाला जी जागा मिळाली, ती तेव्हा जमीन नव्हतीच, समुद्र होता. भराव टाकून सुमारे आठ एकर जमीन तयार करावी लागली. १९८० मध्ये तिथे टाटा थिएटर उभं राहिलं. वास्तुकार फिलिप जॉन्सन, ध्वनिरचना सिरिल हॅरिस यांची. मायक्रोफोन न लावता गायकाचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचावा, असा त्यामागचा विचार होता.

नंतर भाभांनी ऑपेरा आणि मोठ्या वाद्यवृंदासाठी आणखी एक नाट्यगृह बांधायला घेतलं. ते पूर्ण होत आलं असतानाच १९९७ मध्ये आगीत भस्मसात झालं. भाभा तेव्हा ८३ वर्षांच्या आसपास होते. ते पुन्हा बांधलं गेलं आणि १९९९ मध्ये उघडलं. आज ते जमशेद भाभा थिएटर म्हणून ओळखलं जातं.

आता इथे जरा थांबा. संशोधक म्हणून तुम्हाला यात काय दिसतं? मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती माणसाची आवड आणि संस्थेचं काम यांतली फट. भाभांची स्वतःची आवड मुख्यतः पाश्चात्त्य संगीताची. पण संस्थेने सुरुवातीपासून भारतीय संगीताचं ध्वनिमुद्रण, जतन आणि शिक्षण हे काम हातात घेतलं. आकाशवाणीत काम केलेले नारायण मेनन तिथे कार्यकारी संचालक झाले. पु. ल. देशपांडे मानद संचालक होते. डॉ. अशोक दा. रानडे यांनी तिथे संगीत आणि रंगभूमीवरचं संशोधन केलं. म्हणजे एका माणसाची हौस दुसऱ्यांच्या अभ्यासाचं साधन बनली. हे कोणी ठरवलं, कोणत्या बैठकीत, कोणाच्या आग्रहाने? खरा संशोधन-प्रश्न हा आहे. ‘ते थोर रसिक होते’ हा प्रश्नच नव्हे, ती प्रस्तावना झाली.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. मलबार हिलवरचं भाभा कुटुंबाचं घर, ‘मेहरांगीर’. आई मेहरन आणि वडील जहांगीर यांच्या नावांवरून पडलेलं नाव. होमी अविवाहित होते. १९६६ मध्ये विमान अपघातात ते गेले आणि घर जमशेदजींकडे आलं. त्यांच्यामागे ते एनसीपीएला मिळालं. २०१४ मध्ये संस्थेने त्याचा लिलाव केला, ३७२ कोटी रुपयांना. होमी भाभांचं स्मारक तिथे व्हावं म्हणून मागणी झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, पण लिलाव थांबला नाही. पुढे घर पाडलं गेलं. एका भावाच्या संगीतप्रेमाला पैसा मिळाला, दुसऱ्या भावाच्या आठवणीची वास्तू गेली. चूक कोणाची, हे घाईने ठरवू नका. पण आश्रयदात्याचं चरित्र लिहिताना अशी किंमत कोणी मोजली तेही लिहावं लागतं. नाहीतर तो इतिहास होत नाही, सत्कार होतो.

म्हणून असा विषय घेतलात तर तीन प्रश्न वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. पैसा कुठून आला? जागा कोणाची होती? आणि दार कोणासाठी उघडलं, कोणासाठी नाही? पहिल्याचं उत्तर ट्रस्टच्या अहवालांत मिळतं, दुसऱ्याचं महसुली कागदांत. तिसऱ्यासाठी तिकिटांचे दर, निमंत्रणपत्रिका, कार्यक्रमपत्रिका बघाव्या लागतात.

‘हे मुंबईचं झालं, आम्ही सालेकशाचे, आमच्याकडे कुठे टाटा?’ असं म्हणाल. पण आपल्या भागात दिवाळीनंतर मंडई भरते, दंडार होते, नाटकं होतात. त्यांचा खर्च कोण उचलतं? गावातला राइस मिलवाला, किराणा दुकानदार, तेंदूपत्त्याचा ठेकेदार. भजनी मंडळाच्या पेटीवर देणाऱ्याचं नाव रंगवलेलं असतं. वर्गणीच्या पावत्या, नाटकांची हँडबिलं, मंडळाची जमाखर्चाची वही, हीच तुमची अभिलेखागारं. एनसीपीएचे कागद सांभाळायला माणसं आहेत. या वह्या सांभाळायला कोणी नाही, पुढच्या पावसात त्या वाळवीच्या पोटात जातील. त्यामुळे सिनॉप्सिस मंजूर होईपर्यंत थांबू नका. या मंडईला जाल तेव्हा मंडळाच्या खजिनदाराला भेटा, वही मागा, परवानगी घेऊन प्रत्येक पानाचा फोटो काढा आणि तारीख, गाव, वही कोणाकडे आहे, हे तिथल्या तिथे लिहून ठेवा.