३० जुलै : एसटीतले आमदार

सांगोल्याचे माजी आमदार आणि माजी मंत्री गणपतराव देशमुख यांचे ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात निधन झाले. वय ९४.

एसटीत खिडकीवर ‘आमदारांसाठी राखीव’ अशी पाटी रंगवलेली असते. त्या जागेवर खरोखरीचा आमदार बसलेला बहुतेकांनी कधी पाहिलेला नसतो. सांगोलेकरांनी तो वर्षानुवर्षे पाहिला. लोक त्यांना आबासाहेब म्हणत.

१९६२ साली ते शेतकरी कामगार पक्षातर्फे विधानसभेत गेले आणि २०१४ पर्यंत एकूण ११ वेळा निवडून आले. पक्षही तोच, मतदारसंघही तोच. मधे १९७२ आणि १९९५ साली हरले. दुसऱ्या वेळी तर अवघ्या १९२ मतांनी. पक्षाला ओहोटी लागली, सोबतचे कितीतरी जण सत्तेच्या वळचणीला गेले, आबासाहेब जागचे हलले नाहीत. आपल्या विधिमंडळाच्या इतिहासात अशी निष्ठा फार थोड्यांची.

१९७८ साली शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) मंत्रिमंडळात आणि पुन्हा १९९९ साली विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री होते. मात्र त्यांचे खरे काम लाल दिव्याच्या गाडीबाहेरचे. सांगोला हा कायमचा दुष्काळी तालुका. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर त्यांनी आटपाडीच्या पाणी परिषदेतून दुष्काळी तालुक्यांसाठी कृष्णेच्या पाण्याची मागणी वर्षामागून वर्षे लावून धरली. टेंभू, म्हैसाळ योजनांचे पाणी इकडच्या शिवारात पोहोचले, त्यामागे ही चिकाटी आहे. २०१९ ची निवडणूक त्यांनी लढवली नाही.