परळ : नकाशावरून पुसलेला मतदारसंघ

मतदारसंघाची सीमा लोकसंख्येच्या हिशेबाने आखली जाते आणि त्या हिशेबात माणूस कुठे राबतो याला नव्हे, तर तो रात्री कुठे पाठ टेकतो याला महत्त्व असते. मुंबईच्या गिरणगावात दीर्घकाळ या दोन्ही जागा हाकेच्या अंतरावर होत्या. त्यामुळे परळ हा विधानसभा मतदारसंघ केवळ मोजणीची सोय न राहता एका श्रमिक वस्तीचा राजकीय चेहरा बनला, आणि गिरण्यांची धुराडी थंडावल्यावर तो नकाशावरून पुसला गेला, त्यामागेही हेच कारण होते.

परळ ही मुळात मुंबईच्या सात बेटांपैकी एकावरची जुनी वस्ती असून तिचे प्राचीनत्व 1931 मध्ये तेथे सापडलेल्या आणि बारादेवी परिसरात आजही पूजल्या जाणाऱ्या भव्य शिवशिल्पावरून कळते. ब्रिटिश अमदानीत गव्हर्नरांचे निवासस्थान येथेच होते. पुढे ती वास्तू सोडून देण्यात आली आणि 1899 मध्ये डॉ. हाफकिन यांची प्लेगप्रतिबंधक लशीची प्रयोगशाळा तेथे आली. साहेबांच्या बंगल्यांचा परळ कामगारांचा परळ कसा झाला, याचे हे बोलके उदाहरण आहे. कावसजी नानाभाई दावर यांच्या ताडदेवच्या गिरणीत 1856 मध्ये उत्पादन सुरू झाले आणि त्यानंतरच्या दशकांत लालबाग, परळ, शिवडी, वरळी या पट्ट्यात गिरण्या दाटत गेल्या. त्यांत राबायला रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूर अशा जिल्ह्यांतून माणसे आली. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारी आणि गाववाल्यांच्या खानावळीत जेवणारी ही माणसे पुढे येथील मतदार झाली.

या वस्तीला एकसंध मानणे मात्र चुकीचे ठरेल, कारण गिरणीतील खात्यांची वाटणी जातीनुसारही झालेली होती. साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, मजुरी अधिक मिळत असे. परंतु धोट्यातील कांडीचे सूत तोंडाने ओढावे लागत असल्याने विटाळाची सबब पुढे करून दलित कामगारांना तेथे मज्जाव होता आणि त्यांना कमी मजुरीच्या कताईखात्यात राहावे लागे. गिरणी कामगार युनियनने 1928 मध्ये सहा महिन्यांचा संप लढवला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हा अन्याय कामगार नेत्यांसमोर आग्रहाने मांडला. ते स्वतः 1912 पासून सुमारे 22 वर्षे परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिले होते. या ट्रस्टची स्थापना 1896 च्या प्लेगनंतर शहरसुधारणेसाठी झाली होती.

सन 1935 च्या कायद्यानुसार 1937 मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या, तेव्हा मताचा हक्क सर्वांना नव्हता. तो कर, घरभाडे, शिक्षण अशा अटींवर अवलंबून होता. मुंबई प्रांतातील राखीव जागा असलेल्या मतदारसंघांत संचयी मतदानाची पद्धत होती, म्हणजे जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला मिळत आणि ती सर्व एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची मुभा असे. संघटित अल्पसंख्य गटाला याचा मोठा आधार होता. भायखळा-परळ या मतदारसंघातून स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. आंबेडकर निवडून आले आणि काँग्रेसतर्फे उभे असलेले नामवंत क्रिकेटपटू पळवणकर बाळू पराभूत झाले. दलित समाजातील दोन असामान्य व्यक्तींना परस्परांसमोर उभे करणारी ही लढत महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासात जितकी चर्चिली जायला हवी तितकी चर्चिली गेलेली नाही.

स्वातंत्र्यानंतर सार्वत्रिक मताधिकार आला आणि या भागावर डाव्यांचा प्रभाव राहिला. सन 1967 मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे कृष्णा देसाई परळमधून आमदार झाले. 5 जून 1970 रोजी त्यांची हत्या झाली. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांचा दोन हजारांहून कमी मतांनी पराभव करून वामनराव महाडिक विजयी झाले आणि शिवसेनेला तिचा पहिला आमदार मिळाला. लाल बावट्याकडून भगव्याकडे झालेल्या या वळणाला केवळ विचारांचा पालट म्हणता येणार नाही, कारण चाळ, व्यायामशाळा, गणेशोत्सव मंडळ यांचे जे जाळे युनियनला बळ देत होते, तेच शाखेच्याही उपयोगी पडले. मतदार त्याच खोल्यांतून राहत होता; त्याला हाक मारणारे बदलले होते.

डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि तो संप कधीही रीतसर मागे घेतला गेला नाही. सन 1984 च्या काँग्रेस लाटेतही डॉ. सामंत दक्षिण मध्य मुंबईतून लोकसभेवर गेले, परंतु गिरण्या पूर्वीसारख्या सुरू झाल्या नाहीत. गिरण्यांच्या जमिनीचे महापालिका, म्हाडा आणि मालक यांच्यात तीन वाटे करण्याचा 1991 चा नियम 2001 मध्ये बदलून ही वाटणी केवळ मोकळ्या जागेपुरती ठेवण्यात आली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. कामगारांच्या घरांसाठी मिळू शकणारी जमीन त्यामुळे फार घटली. कुटुंबे विरार, डोंबिवली, कल्याणकडे सरकत गेली. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मध्ये सुमारे 33.4 लाख होती, ती 2011 मध्ये सुमारे 30.9 लाखांवर आली.

सन 2001 च्या जनगणनेवर आधारलेली मतदारसंघ पुनर्रचना, म्हणजे लोकसंख्येनुसार सीमांची फेरआखणी, 2008 मध्ये अमलात आली आणि मुंबई शहराच्या विधानसभेतील जागा 17 वरून 10 झाल्या, तर उपनगरांच्या 17 वरून 26 झाल्या. नायगाव, चिंचपोकळी, माझगाव या नावांबरोबर परळचेही नाव यादीतून गेले आणि परळ-लालबागचा मोठा भाग शिवडी या 183 क्रमांकाच्या मतदारसंघात सामावला गेला. आकड्यांच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. आपल्या संघर्षांनी राज्याच्या राजकारणाला दोनदा कलाटणी देणारे नाव कोणत्याही वादाविना नाहीसे झाले, याची खंत मात्र त्यामुळे कमी होत नाही.

आजच्या शिवडीत गिरणीच्या जमिनीवरचे मनोरे, केईएम आणि टाटा रुग्णालयांचा परिसर, लालबागच्या चाळी आणि बंदराच्या मालकीची खाडीकाठची जमीन शेजारी-शेजारी नांदतात. सन 1920 नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या 207 बीडीडी चाळींपैकी 12 येथे असून त्या बंदराच्या जमिनीवर असल्याने वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील पुनर्विकासात त्यांचा समावेश होऊ शकला नाही. तेथील 160 चौरस फुटांच्या खोल्यांत राहणाऱ्यांची नावे आता शिवडीच्या मतदारयादीत आहेत.