पुनरुत्थान : ख्रिस्ती श्रद्धेचा कणा, आशेचा आधार

मराठी वृत्तपत्रांच्या निधनवार्तांमध्ये ‘कैलासवासी’, ‘पैगंबरवासी’ या शब्दांप्रमाणेच ‘ख्रिस्तवासी’ हा शब्दही रूढ आहे. मृत व्यक्ती ख्रिस्ताच्या सान्निध्यात गेली, असा त्याचा सरळ अर्थ. मात्र ख्रिस्ती श्रद्धेनुसार मृताचा प्रवास तेथेच संपत नाही. काळाच्या अंती सर्व मृत देहासह पुन्हा उठतील, असे ही श्रद्धा सांगते आणि त्याची हमी म्हणून येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाकडे बोट दाखवते. बिगरख्रिस्ती समाजाला नाताळ अधिक परिचित असला, तरी धर्मशास्त्राच्या दृष्टीने ख्रिस्ती वर्षातील सर्वांत मोठा सण ईस्टर हाच होय.

तिसऱ्या दिवसाची पहाट

रोमन सुभेदार पिलात याच्या आदेशाने येशूला इसवी सनाच्या ३०च्या सुमारास जेरुसलेम येथे क्रुसावर देहदंड देण्यात आला. तो शुक्रवार होता. संध्याकाळी शब्बाथ सुरू होणार असल्याने अरिमथाईच्या योसेफाने खडकात खोदलेल्या कबरीत घाईने दफन केले. रविवारी पहाटे काही स्त्रिया कबरीकडे गेल्या, तेव्हा दारावरची धोंड सरकलेली आणि कबर रिकामी आढळली, असे मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चारही शुभवर्तमानांत सांगितले आहे. शुक्रवार, शनिवार आणि रविवार असे मोजण्याच्या यहुदी पद्धतीनुसार तो तिसरा दिवस ठरतो.

स्त्रिया किती होत्या, त्यांना कोण भेटले, याविषयी चारही वृत्तांतांत फरक आहे. प्रत्यक्ष पुनरुत्थानाच्या क्षणाचे वर्णन तर यांपैकी एकाही ग्रंथात नाही. मात्र कबरीपाशी प्रथम स्त्रिया पोहोचल्या आणि त्यांत मग्दालीया मरीया होती, यावर चौघांचेही एकमत आहे. त्या काळच्या यहुदी समाजात स्त्रीच्या साक्षीला फारसे वजन नव्हते. कथा रचायचीच असती, तर असे साक्षीदार कोणी निवडले नसते, असा युक्तिवाद अनेक अभ्यासक करतात. पुनरुत्थान घडले की नाही, याचा निवाडा इतिहासाच्या साधनांनी होण्यासारखा नाही. येशूच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच त्याच्या अनुयायांची ही ठाम श्रद्धा होती, हे मात्र निश्चितपणे सांगता येते. शुभवर्तमानांच्याही आधी, इसवी सन ५५च्या सुमारास, संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात पुनरुत्थित येशू ज्यांना दिसला त्यांची यादी दिली आहे. ख्रिस्त उठलाच नसेल, तर आपली सारी श्रद्धाच निष्फळ ठरते, अशी रोखठोक भूमिका त्याने तेथे घेतली आहे.

पुनर्जन्म नव्हे

भारतीय वाचकाच्या मनात पुनरुत्थान आणि पुनर्जन्म या दोन कल्पनांची गल्लत होणे स्वाभाविक आहे. पुनर्जन्माच्या कल्पनेत जीव कर्मानुसार नवा देह धारण करतो आणि जन्ममृत्यूचे चक्र चालू राहते. त्या चक्रातून सुटका हे अंतिम ध्येय असते. पुनरुत्थान एकदाच होते आणि उठते ती तीच व्यक्ती. ग्रीक तत्त्वचिंतनातील एका प्रबळ प्रवाहाने देहाला आत्म्याचा तुरुंग मानले. ख्रिस्ती धर्माला तेही मान्य नाही. देह हीदेखील ईश्वराचीच निर्मिती असल्याने तारण केवळ आत्म्याचे नव्हे, तर संपूर्ण माणसाचे होते.

पुनरुत्थान म्हणजे पूर्वीच्याच आयुष्यात परतणेही नव्हे. येशूने लाजराला कबरीतून बाहेर बोलावल्याची कथा योहानाच्या शुभवर्तमानात आहे. पण लाजराला पुढे कधीतरी पुन्हा मृत्यू येणारच होता. पुनरुत्थित येशू मात्र बंद दारांच्या आत प्रकट होतो आणि सोबत चालणाऱ्या शिष्यांनाही चटकन ओळखू येत नाही. तरीही तो त्यांच्यासमोर मासा खातो आणि शंकेखोर थोमाला हातांवरील खिळ्यांचे व्रण दाखवतो. नव्या देहावरही जखमांच्या खुणा शिल्लक आहेत, या तपशिलाला ख्रिस्ती चिंतनात मोठे स्थान आहे. भोगलेले दुःख पुसले जात नाही, त्याचे रूपांतर होते, असा त्याचा अर्थ लावला जातो. पौलाने त्यासाठी बीज आणि रोप यांचा दृष्टान्त वापरला आहे.

न्यायाची मागणी

या श्रद्धेचे मूळ यहुदी परंपरेत आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात राजा चौथा अँटिओकस याने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली आणि निष्ठावंतांचा छळ केला. नीतीने वागणारेच मारले जात असतील, तर ईश्वराचा न्याय कोठे, हा प्रश्न तेव्हा तीव्र झाला. त्याच काळातील दानिएलच्या ग्रंथात मृतांच्या पुनरुत्थानाचा स्पष्ट उल्लेख येतो. येशूच्या काळात परूशी पंथ ही कल्पना मानत असे, तर मंदिराशी निगडित उच्चभ्रू सदूकी ती नाकारत असत. म्हणजेच या आशेचा उगम केवळ मरणाच्या भीतीत नाही. अन्यायाने मारल्या गेलेल्यांचा शेवट मारेकऱ्यांच्या हाती राहू नये, ही मागणी तिच्या मुळाशी आहे.

मराठीतील पुनरुत्थान

मराठीला ही कथा चारशे वर्षांपासून परिचित आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टी प्रांतातील राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या दुसऱ्या पुराणात येशूचे चरित्र ओवीबद्ध केले आहे. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या निधनानंतर लक्ष्मीबाई टिळकांनी पूर्ण केले. अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने हा मजकूर आजच्या मराठीत आणला.

अंधारातून प्रकाशाकडे

वसंतसंपातानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतर येणाऱ्या रविवारी ईस्टर साजरा होतो. त्यामुळे त्याची तारीख २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान बदलत राहते. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्च जुन्या ज्युलियन पंचांगानुसार गणना करते. २०२५ मध्ये मात्र दोन्ही परंपरांचा ईस्टर २० एप्रिलला एकाच दिवशी आला होता.

कॅथलिक चर्चमध्ये शनिवारी रात्री जागरणविधी होतो. चर्चबाहेर नवा अग्नी प्रज्वलित करून त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती पेटवली जाते. अंधाऱ्या चर्चमध्ये ती नेल्यावर भाविक तिच्यावरून आपापल्या मेणबत्त्या पेटवतात आणि बाप्तिस्म्याच्या वेळच्या वचनांचा पुनरुच्चार करतात.

दफन की दहन?

देहाच्या पुनरुत्थानावरील श्रद्धेमुळे ख्रिस्ती परंपरेने दफनाला प्राधान्य दिले. दहनावरील बंदी कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये उठवली. ईश्वराचे सामर्थ्य देहाच्या अवशेषांवर अवलंबून नाही, असा त्यामागील विचार होता. मात्र अस्थी विखुरू नयेत अथवा सर्वसाधारणपणे घरी ठेवू नयेत, पवित्र स्थळी जतन कराव्यात, असे व्हॅटिकनने २०१६ मध्ये स्पष्ट केले.

आशेची कसोटी

२१ एप्रिल २०१९ रोजी, ऐन ईस्टरच्या सकाळी, श्रीलंकेतील तीन चर्च आणि तीन हॉटेलांत आत्मघाती स्फोट झाले. अडीचशेहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. नेगोम्बो येथील सेंट सेबॅस्टियन चर्चमधील पुनरुत्थित येशूच्या मूर्तीवर रक्ताचे शिंतोडे उडाले. त्या मूर्तीचे छायाचित्र जगभर पोहोचले. पुढच्या वर्षीच्या ईस्टरला कोलंबोचे आर्चबिशप कार्डिनल माल्कम रंजित यांनी हल्लेखोरांना क्षमा केल्याचे सांगितले. पण सत्य बाहेर यावे आणि सूत्रधारांना शासन व्हावे, ही मागणी त्यांनी त्यानंतरही लावून धरली. आशा आणि न्यायाची मागणी येथे पुन्हा एकत्र आलेली दिसते.

ख्रिस्ती परंपरा शोक नाकारत नाही. शुक्रवारचा क्रूस आणि शनिवारची शांतता ओलांडल्याशिवाय ईस्टरचा रविवार येत नाही. दरवर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मुंबई-वसईच्या दफनभूमींमध्ये कुटुंबे कबरी स्वच्छ करतात, फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. युरोपीय भाषांतील दफनभूमीसाठीचा ‘सिमेटरी’ हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ ‘झोपण्याची जागा’ असा आहे. झोपलेला माणूस उठतो, हा विश्वास आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी त्या शब्दातच ठेवला होता.